वायफायची शेजपाळी

लातुरात शिकवण्यांच्या भागातल्या कुठल्याही गल्लीत उभं राहावं आणि फोनवर वायफायची यादी उघडावी. 'डॉक्टर होणारच'. त्याखाली 'रिपीटर रूम नं. ३'. मग 'आई राजा उदो उदो', 'फुकट्यांनो रिचार्ज मारा', 'पप्पा जागे आहेत'. एका घरानं कुणी जोडू नये म्हणून 'व्हायरस' असं नाव ठेवलंय. पोरं सगळ्यात आधी त्यालाच जोडून बघतात. ही सगळी नावं इंग्रजी अक्षरांत असतात. भाषाभिमान्यांनी लगेच चिडू नये, अडचण जागेची आहे. वायफायच्या नावाला जगभर ३२ बाइटची हद्द घालून दिलेली आहे. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीला तीन लागतात, आणि काना, मात्रा, उकार, अनुस्वार, पाय मोडायची खूण या सगळ्यांचे ज्याचे त्याचे तीन वेगळे. 'जय महाराष्ट्र' बसत नाही, सदतीस होतात. नुसतं 'लातूर' पंधरात मावतं, 'नांदेड' अठरात. दोन्ही जोडून, मधे जागासुद्धा न सोडता लिहिलं तर तेहतीस. एकानं चुकतं. लातूर आधी लिहा की नांदेड आधी, तेहतीसच. विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद ज्यांनी वर्षानुवर्षं लढवला त्यांनी हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा.

मी नांदेडचा आणि माझी अक्का लातूरला दिलेली, त्यामुळे आयुक्तालयावर मला मत नाही. वायफायवर आहे.

फायबर जोडायला येणारा पोरगा दोन्ही गावांत सारखाच. भिंतीला भोक पाडतो, फ्रिजवर डबा ठेवतो आणि घाईत विचारतो, "पासवर्ड काय टाकू, काका?" काका गोंधळतात. मग तोच म्हणतो, "मोबाइल नंबर टाकतो, ध्यानात ऱ्हाईल." अशा रीतीनं मराठवाड्यातल्या निम्म्या घरांचा पासवर्ड हा कर्त्या पुरुषाचा मोबाइल नंबर आहे, आणि तो पोरीच्या लग्नात हजार पत्रिकांवर 'आपले नम्र' या शब्दांखाली छापून गावोगाव वाटून झालेला आहे. आतल्या खोलीचं कुलूप तर त्याहून सोपं. १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकला की राउटरचं स्वतःचं पान उघडतं. जुन्या डब्यांवर नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन', नव्यांवर तो डब्याच्या पोटाखाली चिठ्ठीवर छापलेला. हे पान बहुतेक घरांत कुणी जन्मात उघडत नाही. आमच्या दाजींनी उघडलं.

दाजी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. मांजरा प्रकल्पाच्या कालव्यावर उभी हयात गेली. कुठल्या चारीवर कुणाची पाळी, रात्री गेट कुणी उचललं, पाणी मागणीचा सात नंबरचा अर्ज न भरता कुणाचा ऊस हिरवागार दिसतोय, हे सगळं तोंडपाठ. पण निवृत्तीच्या सुमाराला वाटायला पाणीच उरलं नव्हतं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ तारखेला पहिली 'जलदूत' पोचली तेव्हा दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर होतं, पुढं पन्नास वाघिणींची गाडी झाली. त्याच्याआधी मार्चमध्ये टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. पाच माणसांनी पाण्याच्या टाकीजवळ एकत्र जमायचं नाही. आणि त्याच वर्षी, ५ सप्टेंबरला, जिओ सुरू झालं आणि डेटा फुकट झाला. घागर घेऊन रांगेत उभी असलेली माणसं पाच महिन्यांत सिनेमा बघत उभी राहिली. अक्का तेव्हा म्हणाली होती, "बघ बाबा, पाणी रेल्वेनं यायलंय अन् पिच्चर हवेतून."

पुढं दाजींनी घरावर दोन मजले चढवले आणि नीटच्या तयारीला येणाऱ्या पोरांना खोल्या दिल्या. लातूर पॅटर्नची ही खरी पायाभरणी: खाली मालक, वर भौतिकशास्त्र. परभणीचा, हिंगोलीचा, बीडचा, एक तर चक्क नांदेडचाच. आमच्याकडंही एवढ्या शिकवण्या असताना हा इथं काय करायलाय, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. भाड्याच्या पाटीवर दाजींनी 'वायफायसह' असं लिहिलं. महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. "काका, नेट चालना गेलंय." त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन करून राउटरच्या पानावरचे शब्द एकेक करून वाचून दाखवले. अ‍ॅक्सेस कंट्रोल. बँडविड्थ. शेड्यूल. प्रायॉरिटी. वाचता वाचता आवाज चढत गेला. शेवटी म्हणाले, "अरे, हे तर आमचंच खातं आहे!"

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या भिंतीवर पाळीपत्रक लागलं.

ज्यांनी कालवा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेजपाळीत पाणी आधी टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या शेताला, आणि मग वर सरकत गेटाजवळच्याला. कारण सरळ आहे: गेटाजवळचा आधी प्यायला लागला तर टेलवाला मरेपर्यंत कोरडा. दाजींनी हा नियम उचलला आणि राउटरला लावला. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीला, जिथं सिग्नलची एकच कांडी दिसते, सर्वोच्च अग्रक्रम. खालच्या हॉलला शेवटचा. न्याय झाला. आणि अख्ख्या घराचं नेट बसलं.

यात दाजींचा दोष नाही, हवेचा आहे. कालव्यातलं पाणी दूर जातं पण कुणाला अडवत नाही. वायफायची हवा एकच. एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. जवळचा फोन भराभर बोलून मोकळा होतो. दोन स्लॅबपलीकडचा फोन तेवढीच गोष्ट रेंगाळत, पुन्हा पुन्हा, अडखळत सांगतो आणि तेवढा वेळ हवा अडवून धरतो. त्याला अग्रक्रम द्यायचा म्हणजे सभेत सगळ्यात लांबण लावणाऱ्या वक्त्याला आधी माइक देणं. उपाय अग्रक्रमाचा नव्हताच. वरच्या मजल्यावर वायर नेऊन दुसरा डबा बसवायचा होता. "म्हणजे साठवण टाकी बांधायची," दाजींनी ताबडतोब ओळखलं. ती बांधली. पाळीपत्रक मात्र तसंच राहिलं, कारण ते लॅमिनेट केलेलं होतं.

त्यांना मी एकच गोष्ट सांगितली आणि ती त्यांना अशी पटली की ती आता त्यांचीच झालेली आहे. कनेक्शन शंभर एमबीपीएसचं असलं तर राउटरला नव्वदच सांगायचं. पूर्ण शंभर सोडले तर गर्दी घराबाहेर, कंपनीच्या टोकाला साचते आणि तिथं आपलं काही चालत नाही. दहा हातचे राखले की रांग आपल्याच डब्यात लागते आणि कुणाला आधी सोडायचं ते आपण ठरवतो. अपलोडला तर हे फारच लागू. घरासमोरचा कॅमेरा चोवीस तास रस्त्यावरची कुत्री ढगात पाठवत असतो, त्यात कुणी लग्नाचे चारशे फोटो चढवायला घेतले की परतीची वाट तुंबते. मग 'मिळालं, पुढचं पाठवा' ही पोचसुद्धा वेळेवर जात नाही आणि खाली येणारं नेटही थांबतं. पोरं ओरडतात नेट स्लो आहे, आणि दोषी असतो मांडव. दाजी म्हणाले, "कालव्यात कधीच काठोकाठ सोडत नसतात." त्यानंतर गल्लीत तीन घरांत त्यांनी नव्वदचा आकडा घालून दिला, फी चहा.

मग आली यूट्यूबची भानगड. एका पोराच्या वडिलांचा अहमदपूरहून फोन आला: यूट्यूब बंद करा, पोरगा बिघडायलाय. दाजींनी पालक नियंत्रणाच्या पानावर जाऊन यूट्यूब बंद केलं. अर्ध्या तासात जिन्यात सभा भरली. सगळी व्याख्यानं यूट्यूबवर. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा अख्खा अभ्यासक्रम यूट्यूबवर. ते चालू केलं तर लावणीही चालू. दाजींनी मला विचारलं, फक्त केमिस्ट्री सोडून बाकीचं अडवता येईल का? नाही येत. हल्लीची जवळजवळ सगळी वाहतूक कूटबद्ध असते. राउटरला एवढंच दिसतं की हा फोन यूट्यूबकडं निघाला. तिथं जाऊन तो बेंझिन बघतो की बँजो, ते पाकिटाच्या आत असतं. "म्हणजे गाव कळतं, घर कळत नाही," दाजी म्हणाले. अहमदपूरला त्यांनी कळवलं की आपला मुलगा यूट्यूबवर रोज सात तास असतो. वडिलांना आनंद झाला की दुःख, हे फोनवरून कळलं नाही.

यानंतर दाजींनी वही घातली. प्रत्येक फोनला एक मॅक अ‍ॅड्रेस असतो, बारा अंक-अक्षरांचा, पहिले सहा कारखान्याचे आणि पुढचे सहा त्या एका यंत्राचे. आडनाव आणि नाव म्हणा. दाजींनी रेशन कार्डासारखी खोलीनिहाय नोंद केली आणि जे पोरगं रात्री अकरानंतर रेंगाळेल त्याचा पत्ता काळ्या यादीत. दोन दिवस शिस्त टिकली. तिसऱ्या दिवशी राउटरवर सगळे नवे पाहुणे. कारण अ‍ॅन्ड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, फोन प्रत्येक वायफायला आपला खरा पत्ता न देता बनवलेला पत्ता देतात. सेटिंगमध्ये एक बोट फिरवलं की खरा पत्ता पुढं येतो. म्हणजे प्रत्येक पोराकडं दोन ओळखपत्रं. एक काळ्या यादीत गेलं की दुसरं बाहेर. कालव्यावर एकाच माणसानं भावाच्या नावावर दुसरा अर्ज टाकणं दाजींनी पुष्कळ पाहिलेलं, त्यामुळे ते चिडले नाहीत, उलट कौतुकानं बघत राहिले. त्यात त्यांनी एक खूणही शोधून काढली: पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असलं तर तो बनवलेला समजावा. ती खूण बरोबर आहे; मी तपासली.

मग त्यांनी काळी यादी मोडून पांढरी केली. वहीत ज्याचं नाव त्यालाच नेट, बाकी जगाला दार बंद. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. फक्त तो अधिक श्रावण होता, २०२३ चा, आणि धोंड्याच्या महिन्यात जावई येणार होता.

धोंड्याचा महिना म्हणजे काय ते पुण्यामुंबईच्या लोकांना वेगळं सांगावं लागतं. तीन वर्षांनी एकदा जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, अनारसे द्यायचे, ऐपतीप्रमाणे चांदीचं नाहीतर सोन्याचं काहीतरी हातात ठेवायचं. असा जावई पाटावर बसला, फोन काढला आणि म्हणाला, "मामा, पासवर्ड काय आहे?" दाजींनी पासवर्ड सांगितला. जोडणी होईना. होणार कशी? वहीत नाव नाही. आता जावयाला म्हणायचं काय? 'पाहुणे, आपला मॅक अ‍ॅड्रेस सांगा, नोंद करून मंजुरी देतो'? अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात पोळपाट, आणि एवढंच म्हणाली, "घाला त्यांना." पांढरी यादी तिथंच संपली. जावयाच्या फोनला त्या दिवशी अंगठीसोबत सर्वोच्च अग्रक्रम मिळाला आणि तो कुणी काढायला धजलेलं नाही. जावई पिंपरीत असतो. पण राउटरच्या दृष्टीनं आजही घरातला पहिला माणूस तोच आहे.

नांदेडात असलं काही नाही. आमच्याकडं गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण आहे, आणि सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर आहे, जिथं पंगतीत बसणाऱ्याला तू कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. अशा गावात वाढलेल्या माणसाला दारात आलेल्याला पासवर्ड नाकारणं जड जातं. माझ्या घरी म्हणून कसलंही सेटिंग नाही. आहे ती आई. रात्री दहाला गॅसची नॉब, मागच्या दाराची कडी आणि राउटरचं बटण या क्रमानं ती बंद करते, कारण 'रातभर चालू ठेवलं की बिल वाढतं.' महिन्याला ठरलेलं बिल आहे हे मी समजावलेलं आहे. दिवसासुद्धा मिक्सर लावायचा असला की डब्याची पिन निघते. जगातल्या सगळ्या प्रवेश-नियंत्रणांच्या वर हे एक आहे, आणि ते प्लगपॉइंटपाशी असतं.

अक्कानं राउटरचं पान कधी उघडलेलं नाही, पण घरात खरा बंदोबस्त तिनंच लावला. त्याला निमित्त झालं टीव्हीचं. घरातली सगळी यंत्रं एकाच वायफायवर असली की कुणाच्याही फोनवरचा व्हिडिओ हॉलमधल्या टीव्हीवर फेकता येतो. संध्याकाळच्या मालिकेत सून सासूला सत्य सांगायला तोंड उघडते न उघडते, तोच पडद्यावर टक्कल पडलेला एक गृहस्थ येऊन बेडकाचं हृदय समजावून सांगायला लागला. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बोट चुकलं होतं. सून काय म्हणाली ते अक्काला आजतागायत कळलेलं नाही. त्याच रात्री तिनं दाजींना फर्मावलं की या पोरांचं अन् आपलं नेट येगळं करा. डब्यात त्यासाठी पाहुण्यांचं वेगळं जाळं असतंच: त्यावर नेट मिळतं, घरातली यंत्रं दिसत नाहीत. ते सुरू झालं, आणि अक्कानं त्याला एक कलम जोडलं. पासवर्ड दर महिन्याच्या पाच तारखेला बदलायचा आणि भाडं दिल्यावर तिनं स्वतः सांगायचा. पोरांत एकानं भाडं दिलं की बाकीचे त्याच्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करून मोकळे होतात, हेही तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. आता ती पासवर्ड सांगत नाही, पोराचा फोन हातात घेऊन स्वतः टाकते, आणि क्यूआरचं बटण कुणी दाबलंय असं कळलं तर त्या आठवड्यात त्याच्या जेवणाच्या डब्यात फक्त वरण-भात येतो. एवढं कडक फायरवॉल मी दुसरं पाहिलेलं नाही.

राहिला शेजारी. समोरचे गुरुजी भले माणूस, त्यांच्याकडं नेट नव्हतं, नातीचा ऑनलाइन वर्ग होता, त्यांनी विचारलं. दाजींना नाही म्हणता येईना आणि सरसकट हो म्हणवेना. इथं थोडं मागं जावं लागेल. २०१७ साली लातूर-मुंबई एक्स्प्रेस आठवड्यातले काही दिवस बीदरपर्यंत न्यायचं ठरलं तेव्हा लातूरकर खवळले होते. आमची गाडी, आमचे डबे, आणि चढणार बीदरवाले? आंदोलनं झाली. दाजी त्यात हिरिरीनं घोषणा देत होते. शेवटी गाडी आठवड्यातले चार दिवस लातूरची आणि तीन दिवस बीदरची, अशी वाटणी राहिली. दाजींनी तीच वाटणी राउटरच्या शेड्यूलमध्ये घातली. गुरुजींना सोमवार, बुधवार, शुक्रवार. आणि उपकरणांच्या यादीत गुरुजींच्या फोनसमोर नाव लिहिलं: 'बीदर'. यादी दाजींशिवाय कोण बघणार, असा त्यांचा हिशेब. पण अ‍ॅडमिनचा पासवर्ड अजून 'अ‍ॅडमिन'च होता, आणि वर बारावीची पोरं राहत होती.

यथावकाश गुरुजींनी स्वतःचं फायबर घेतलं. मागच्या पावसाळ्याआधी गल्लीत नालीचं काम निघालं आणि जेसीबीनं नेमकी दाजींच्या बाजूची केबल तोडली. वर परीक्षेचे अर्ज भरायची शेवटची रात्र, पोरं जिन्यात, अक्का मालिकेशिवाय. दाजी चपला घालून समोर गेले. गुरुजींनी बसवलं, चहा सांगितला, जेसीबीवाल्याला दोन शिव्याही घातल्या. मग दाजी म्हणाले, "गुरुजी, तेवढा पासवर्ड..."

गुरुजींनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडं बघितलं.

"आज मंगळवार ना दाजी? बीदरहून आज गाडी नसती."